घोडीची डाळ

आमचा तबेला कारंजाच्या हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. वरातीचे घोडे. बाबा देवाला भीत नसतील तेवढे चोरांना भीत. एकदा जनावर गाडीत चढलं की रात्रीतून कुठल्या राज्यात जाईल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भिंतीवर बाटल्यांच्या काचा, फाटकाला दोन कुलपं आणि खांबावर कॅमेरा. कॅमेरा म्हणजे नुसतं खोकं, आत काही नव्हतं. हे बाबांना आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. 'घोडे सांभाळता का खजिना?' म्हणून मी त्यांना येता-जाता चिडवायची. तेव्हा मला फार अक्कल होती.

घोड्यांचं खरं सगळं मामा बघायचे. नात्यातले नव्हेत, कामाला होते, पण मला कळायला लागल्यापासून तबेल्यातच. कुलपांच्या किल्ल्यांचा एक जुडगा आमच्या घरात, दुसरा त्यांच्या कमरेला. पांढरी घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली. ती परक्याला अंगाला हात लावू द्यायची नाही. फक्त डाळ दिसली की गरीब गाय व्हायची. वरात निघण्याआधी नवरदेवाची बहीण घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारते. इतक्या लग्नांत खाऊन खाऊन तिला कळलं होतं की नटलेली बाई ताट घेऊन आली की खायचं आणि मुकाट तिच्यामागे चालायचं.

लग्नसराईतली दुपार होती. बाबा दुसरा घोडा घेऊन तळेगावला गेलेले, मामा जेवायला घरी. फाटकाशी दोन बायका आल्या. भरजरी लुगडी, हातात डाळीचं ताट, वर कुंकू.

"भाऊची वरात झाली, पण घाईत डाळ चारायची राहूनच गेली," त्यातली मोठी म्हणाली. "मायच्या जिवाले लागून राह्यलं ते. चारू द्या न ताई."

कुणाची वरात, कुठल्या गावची, मी विचारलंच नाही. घोडीसाठी ताट घेऊन आलेल्या बाईला आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही. मी दोन्ही कुलपं काढली. घोडीनं डाळ खाल्ली. धाकटीनं उरलेली डाळ ओंजळीत घेतली आणि मोठीनं ताट माझ्या हातात दिलं. आता रिकामं ताट परत कसं द्यायचं? मी आवारातल्याच आमच्या घरात गेले. तांदळाचा डबा वर, गुळाचा खाली, त्यात मुंग्या. मुंग्या झटकत बसले. ताटात तांदूळ आणि गुळाचा खडा ठेवून बाहेर आले तर फाटक सताड उघडं, घोडी नाही, रस्त्यावर गाडीची धूळ. ताट घेऊनच मी हायवेपर्यंत धावले.

बाबा आले तेव्हा ताट माळ्यावर गेलं होतं आणि मी सांगितलं, झोपले होते, काही कळलं नाही. लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. उद्या सांगू असंही मनाशी म्हटलं.

बाबांनी कुलपं हातात घेऊन पाहिली. तोडलेली नव्हती. घोडी खिंकाळल्याचंही शेजारी कुणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मामा आले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चाबी ठेव अन् जाय. उद्यापासून येऊ नको."

मामांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी खांबाकडे बोट केलं. "कॅमेऱ्यात पाहून घ्या न भाऊ. मी दिसलो तं मले जोड्यानं मारा."

बाबांनी खांबाकडे पाहिलंही नाही. खोक्यात काय दिसणार होतं?

मामा माझ्याकडे वळले. "पोरी, तू तं घरीच होती. तू सांग."

"मले काही माहीत नाई, मामा. मी झोपली होती."

त्यांनी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. त्यानंतर त्यांना कुणी घोड्याच्या कामाला ठेवलं नाही.

अजून दुपारी फाटकाची कडी वाजली की मी कुलूप काढत नाही, आधी फटीतून बघते. वरात दिसली की मी घोडीला डाळ चारणाऱ्या बाईचं तोंड बघते. सगळ्या तशाच दिसतात.

मामा आता हायवेवरच्या ढाब्यावर भांडी धुतात. तो ढाबा मी टाळायची. मागच्या महिन्यात एसटी चुकली आणि तिथेच बसावं लागलं. ते हात पुसत आले.

"घोडी भेटली काय?"

"नाई मामा."

त्यांनी माझ्यापुढचं टेबल पुसलं. "डाळ दाखवूनच नेली असन. नाई तं ते जात नाई कोणासंगं." माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि फाटक आतूनच उघडलं असणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि आवाज खाली केला.

"बाबाले सांगू नको आता. त्यायच्या जिवाले लागन."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. तो शब्द तोंडातून किती सहज निघाला, त्याचीच मला भीती वाटते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.