मनकर्णाच्या चक्कीचे पाच पैसे

"बाईमानसाच्यानं पट्टा चढते का, वहिनी? उद्या लुगड्याचा पदर गुतला म्हंजे समजन."

"पदर खोचाले येते मले. तुमी तुमचं धोतर सांभाळा, भाऊजी."

हे भांडण मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापता थापता ऐकलं. सन त्रेसष्टची गोष्ट. इतवारीतल्या आमच्या गल्लीत आमचं घर अन् महादेवरावांची पिठाची चक्की यांच्यात एकच भिंत. मोटर सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे पेले नाचायचे. महादेवराव काविळीनं गेले. तेरवी झाली अन् दुसऱ्याच दिवशी त्यांचा धाकटा भाऊ चंद्रभान चक्की विकत घ्यायला आला. त्याला महादेवरावांच्या बायकोनं, मनकर्णानं, असं उत्तर दिलं. तो जाता जाता म्हणाला, "थकल्या का सांगजा. मी थांबून राहीन."

तो थांबला. चांगला पंधरा वर्षं थांबला.

मनकर्णा बुटकी, हाडापेरानं मजबूत. भुवया कायम पिठानं पांढऱ्या, म्हणून तिशीतही ती साठीची दिसायची अन् साठीतही तशीच दिसली. मोटरच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे चक्की बंद असली तरी ओरडूनच बोलणार. देवळात गेली तर देवालाही ओरडूनच सांगे, अन् तिचं काय मागणं आहे ते अख्ख्या गल्लीला कळे.

तिचं काम मात्र शिस्तीचं. चक्कीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या होत्या. आत शिरलं की उजव्या फळीवर गव्हाचे डबे, डाव्या फळीवर ज्वारीचे. सकाळी गहू, दुपारी ज्वारी. गव्हावरून ज्वारीवर जाताना मधे ती स्वतःच्या घरची मूठभर ज्वारी टाकून जातं साफ करून घेई, म्हणजे कोणाच्या पिठात कोणाचं पीठ येत नसे. डब्यावर नाव लिहायची पद्धत नव्हती. लिहिलं असतं तरी आम्हा बायांपैकी किती जणींना वाचता आलं असतं! ती डब्याच्या पोच्यांवरून ओळखायची. माझ्या डब्याचं झाकण कडीच्या जागी तारेनं बांधलेलं होतं. तिला ते अंधारातही हाताला लागे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात विधानसभेची निवडणूक आली. दिवसभर भोंगे. भिंतीवर कागद चिकटवायला खळ लागते, अन् खळीला पीठ. चक्कीत झाडून गोळा केलेलं पीठ मनकर्णा फुकट देई. मग काय, एका पक्षाची पोरं बादली घेऊन सकाळी आली की दुसऱ्यांची संध्याकाळी. गल्लीत दोन्ही पक्षांचे उमेदवार तिच्याच पिठानं भिंतीला चिकटलेले होते. रात्री गाई येऊन दोघांनाही चाटून जात.

त्याच महिन्यात तिचं विजेचं बिल वाढून आलं. आधीचं एक राहिलं होतं, त्यावर हे. फाल्गुनापर्यंत भरलं नाही तर लाईन कापू, असं बिल आणणारा सांगून गेला. पट्टाही झिजला होता. दळणाचा भाव किलोला दहा पैसे. तो पंधरा केला तर चक्की टिकते, नाही केला तर चंद्रभान थांबलेलाच आहे. तिनं मला सांगितलं अन् मी ऐकलं. मला उपाय सुचला असता तर मी सांगितलाच असता.

"काय करू वं, शामला?" ती ओरडून म्हणाली.

"वाढव," मी म्हटलं.

"वाढवू?"

"नाही तर नको वाढवू."

यापेक्षा जास्त राजकारण मला कधी जमलं नाही.

भाव वाढणार ही गोष्ट तिनं एकट्या मला सांगितली होती, पण तिचा आवाज तुम्हाला ठाऊक झालाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळराव आले. त्यांचं कापडाचं दुकान, अन् जे आमदार होते त्यांचं काम ते करत. उपरण्यानं तोंड झाकून, शिंकत शिंकत म्हणाले, "मनकर्णाबाई, मतदान होऊ द्या. तेल महाग, घासलेट महाग, त्यात तुमी पीठ महाग केलं तर बाया आमच्या नावानं बोटं मोडतीन. आमी आलो का तुमचं बिल पाहू."

ते गेले अन् भैयाजी आले. भैयाजींचं सायकलचं दुकान. ते समोरच्या उमेदवाराचे.

"आजच वाढवा, बाई. अन् पाटीवर लिहा का सरकारनं बिल वाढवलं म्हनून वाढवला. लोकायले समजू द्या. आमी आलो का वीज सस्ती."

"तुमी येसान कवा?" मनकर्णानं विचारलं.

"महिनाभरात."

"अन् मोटर तर आज फिरून राहिली."

भैयाजी हसले. त्यांना वाटलं, बाई आपल्या बाजूनं बोलली. गोपाळरावांनाही सकाळी तसंच वाटलं होतं. मनकर्णा दोघांकडे पाहून मान हलवायची, कारण मोटर चालू असताना सगळ्यांनाच ती मान हलवायची.

बायांचं तर विचारूच नका. आमच्यात तुळसाबाई तोंडानं पहिली. तिचा नवरा धान्यबाजारात हमाल, घरात खाणारी सात तोंडं. ती म्हणाली, "तेलाच्या भावानं डोयात पानी आनलं, आता भाकरीच्या पिठानंही आनावं का? दहाच राहू दे." मग दोन पावलं जाऊन परत आली. "पन चक्की बंद नको करू हो. मी एवढं ओझं घेऊन दुसऱ्या गल्लीत जाऊ का?" तिचं मत दहा की पंधरा, हे तिलाच सांगता आलं नसतं. माझंही तसंच. मत कोणाला देणार विचारलं तर आम्ही म्हणायचो, यायले विचारा. अन् घरातले 'हे' म्हणायचे, अजून हवा पाहू. हवेत तर नुसतं पीठ होतं.

शेवटी मनकर्णाच्या मनात आलं, सगळे घरोघर मत मागून राहिले, तर आपणही मागावं. सोमवारी चक्की उघडल्याबरोबर, मोटर सुरू करायच्या आधी, दारात उभी राहून तिनं सांगितलं, "आयका वं बायाहो! पंधरा पैसे चालते असं ज्यायले वाटते त्यायनं डबा उजव्या फयीवर ठेवा. दहाच पाह्यजे त्यायनं डाव्या. संध्याकायी मी मोजीन. ज्याचे जास्त, तसं करीन."

बाया हसल्या. एक म्हणाली, "शाई लावशीन का बोटाले?" सगळ्यांनी बरोबर ऐकलं होतं. नंतर आलेल्यांना आधीच्यांनी सांगितलं. मीसुद्धा घरातून डबा घेऊन आले, मनात पक्कं ठरवून, की पंधरा. बिचारीची चक्की टिकली पाहिजे. डबा ठेवला अन् घरी चुलीकडे पळाले.

संध्याकाळी गोपाळराव आले ते हसतच. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. "उजवीकडे तेरा, डावीकडे एकतीस! पाह्यलं, बाई? जनतेले भाववाढ नको. म्हंजे जनता आमच्या सोबत हाये."

भैयाजी पाठोपाठच आले. "एकतीस बाया महागाईवर चिडलेल्या हायेत, गोपाळराव. तुमच्यावर चिडलेल्या. आमच्या सोबत हायेत."

त्याच एकतीस डब्यांवरून दोघंही खूश होऊन गेले. मनकर्णा फळीच्या कडेला बसली होती. मी डबा न्यायला गेले तेव्हा मोटर बंद होती, अन् पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली.

"शामला, उद्या चंद्रभानले निरोप धाड."

"काहून?"

"एकतीस बाया नाही म्हनतात. माह्याच लोकायले नाही पाह्यजे. तू पन."

"मी?"

तिनं बोट दाखवलं. तारेनं बांधलेलं माझं झाकण डाव्या फळीवर होतं. मी पाहतच राहिले. मी तर पंधरा ठरवून आले होते. मग डबा डावीकडे कसा गेला? मी तार सोडून झाकण उघडलं. मग सुचलं.

"अवं माय, त्यात ज्वारी हाये!"

"मंग?"

"मंग काय मंग! ज्वारी तर डावीकडेच ठेवतो ना आपन!"

ती उठली. आम्ही दोघींनी झाकणं उघडायला सुरुवात केली. डावीकडच्या सगळ्या डब्यांत ज्वारीचं पीठ. उजवीकडच्या सगळ्यांत गव्हाचं. एकही डबा चुकला नव्हता. दिवसभर तिनंच ते दळलं होतं, पण तिचं सगळं लक्ष मोजण्याकडे. शनिवारी कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात ज्वारी आली होती, म्हणून घरोघर ज्वारी. पंधरा वर्षं तिनंच आमच्या हातांना वळण लावलं होतं. कान काहीही ऐकोत, हात आपल्या फळीवर गेले. मला हसू फुटलं. मनकर्णाला फुटलं नाही. ती एकदा या फळीकडे बघे, एकदा त्या.

"मंग यायचं मत काय हाये?" तिनं विचारलं.

मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी तिनं एकेकीला तोंडानं विचारलं, तर गोंधळ आणखी वाढला. एक म्हणाली पंधरा, पण पुढच्या महिन्यापासून. एक म्हणाली दहा, पण पीठ कमी भरलं तर घट म्हणून सांगू नको. एकीनं तर तिलाच उलटं विचारलं, गोपाळरावांनी काय सांगितलं? तुळसाबाई म्हणाली, "बारा कर ना, मधलं." बारा पैशांना सुट्टे कोण देणार, यावरून दोघी भांडल्या अन् दळण तसंच राहिलं.

बुधवारी सकाळी दारावर खडूनं लिहिलेलं होतं. अक्षर शेजारच्या प्रेमिलाचं, ती सातवीत होती; मनकर्णा ते येणाऱ्या प्रत्येकीला ओरडून सांगे. गहू पंधरा. ज्वारी दहा.

"हे कोनं ठरवलं?" तुळसाबाईनं विचारलं. नेमका तिच्या डोक्यावर गव्हाचा डबा होता. जावई आला होता, अन् जावयाला भाकरी कशी वाढणार?

"डब्यायनं ठरवलं," मनकर्णा म्हणाली. "मले काही समजेना, मंग मी त्यायचंच आयकलं. ज्याच्या घरी पोळी हाये तो पाच पैसे जास्त देईन. भाकरीवाल्यानं काहून द्यावे?"

"माह्या घरी रोज पोळी राह्यते का गं? वर्सातून दोनदा!"

"मंग वर्सातून दोनदा दे."

तुळसाबाईनं डबा उचलला अन् तणतणत दुसऱ्या गल्लीतल्या चक्कीवर गेली. आणखी चार-पाच गेल्या. मनकर्णा दारात उभी राहून पाहत होती. पट्टा फिरत होता, पण आत दळण नव्हतं. तिच्या तोंडावरून मला दिसत होतं, की पुसून टाकू का, असं तिच्या मनात येऊन राहिलं आहे. खडू हातात होता.

गोपाळराव आले, दारावरचं वाचलं. "म्हंजे भाव वाढला म्हनायचा का नाही?" भैयाजींनीही तेच विचारलं. तिनं दोघांना मान हलवून दाखवली. दोघांनाही ती गोष्ट भाषणात घालता आली नाही, एवढं मात्र झालं.

मतदानाला आम्ही दोघी बरोबर गेलो. ती पडद्याआड इतका वेळ राहिली की साहेबानं हाक मारली. बाहेर आल्यावर भरभर चालत निघाली. गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"शामला, मताच्या कागदाची घडी उभी घालाची होती का आडवी?"

"काहून?"

"शिक्का ओला होता. मी आडवी घातली. दुसऱ्या चित्रावरही उमटला असन तर माह्यं मत दोघायलेही गेलं."

"नाही तर कोनालेच नाही," मी म्हटलं. त्यानं तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही.

निकाल लागला. गुलाल उधळला गेला. कोण आलं ते सांगून उपयोग नाही, कारण तिचं बिल पाहायला कोणीच आलं नाही. ते तिनं गव्हाच्या पाच पैशांतून दोन हप्त्यांत भरलं. लाईन राहिली. लग्नसराई लागली, घरोघर पोळ्या, अन् उजवी फळी भरू लागली. चंद्रभान आणखी थोडा थांबला, मग त्यानं दुसरीकडे जागा घेऊन तेलाची घाणी टाकली. तुळसाबाई तीन आठवड्यांनी परतली. दुसऱ्या चक्कीवर तिच्या पिठात कोणाची तरी मिरची आली होती.  डबा डाव्या फळीवर ठेवला अन् गेली. ज्वारीला दहा पैसे लागत होते, तेवढे तिनं दिले.

पुढे तुळसाबाईचे गुडघे गेले. मग मनकर्णाच तिचा डबा न्यायची अन् आणून द्यायची, दर सोमवारी. भाव तोपर्यंत पुष्कळ वाढले होते, गव्हाचेही अन् ज्वारीचेही, अन् ते कोणी कोणाला विचारून वाढवले नव्हते.

पंच्याऐंशीत पुन्हा भोंगे फिरत होते. त्या सोमवारी मनकर्णाला सकाळपासून छातीत जड वाटत होतं. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं; मी म्हटलं, आज राहू दे, सुनेच्या हातून पाठव. ती म्हणाली, "तिले ठेवाची जागा माहीत नाही." दुपारची ज्वारी संपली. तिनं मोटर बंद केली, पदर झटकला, डबा डोक्यावर घेतला अन् गेली. मी तिच्या मागे मागे गेले.

तुळसाबाई खाटेवर बसली होती. मनकर्णानं डबा चुलीशेजारी, तिच्या हाताला येईल असा ठेवला. तुळसाबाईनं झाकण काढून चिमूटभर पीठ बोटात चोळलं.

"जाडं दयलं वं."

"चायून घे."

"औंदा कोन येते म्हनतात?"

"मले काय माहीत," मनकर्णा ओरडून म्हणाली, पुढच्या सोमवारच्या ज्वारीचा डबा उचलला, अन् आली तशी निघाली.