शेतात जात होते

गोपिकाची माय मरेपर्यंत एकच गोष्ट विचारत राहिली. बाई, तू नेमकं काय काम करते? मास्तरीण शिकवते, नर्स सुई टोचते, तू काय करते? गोपिका म्हणे, लोकायचं दुःख सरकारले सांगतो आमी. मंग सरकार काय करते, माय विचारे. यावर गोपिकाला खरं तेच सांगावं लागे, की सरकार पाणी देते. काचेच्या गिलासात.

तिची संस्था गांधीबागेत, जिथं दिवसभर कापडाच्या गाठी उतरतात त्या गल्लीत, एका ठोक दुकानाच्या डोक्यावर. जिना असा अरुंद की वरून गाठ येत असली तर खालच्यानं उलटं उतरावं. संस्थेत माणसं तीन. एक कृष्णकांत सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातले. निवेदनं तेच लिहीत. दुसरी मिनल, मोबाईलवर व्हिडिओ काढून ते पत्रकारांकडं पाठवणारी पोरगी. तिसरी गोपिका. ती उमरेडच्या पुढच्या खेड्यातली, घरी आजही धान-सोयाबीन पेरतात. नवरा मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर चौकीदार. तो ड्युटीवरून आला की ही निघे, त्यामुळे दोघांत भांडायलाही सवड नव्हती.

गोपिकाचं काम माणसं आणायचं. म्हणजे गावात जायचं, ओसरीवर बसायचं, घरातला चहा प्यायचा, आणि ज्याच्यावर बेतली त्याला बोलतं करायचं. पण नुसतं बोलतं करून भागत नाही. खेड्यातला माणूस दुःख सांगायला बसला की आधी बैल सांगतो, मग भाऊबंदकी सांगतो, मग पाऊस सांगतो, आणि मरणावर येईस्तोवर साहेबाची जेवणाची वेळ होते. म्हणून गोपिका ते बोलणं पाखडे. सुपात धान्य घ्यावं, दोन झटके द्यावेत, कोंडा उडावा आणि दाणा तेवढा राहावा, तसं. कृष्णकांत सर लोकांना सांगत, आमच्या गोपिकाचं सूप फार चांगलं चालतं. तिला ते ऐकून बरं वाटे.

यमुताईचं बोलणंही तिनंच पाखडलं होतं.

उमरेडकडच्या यमुताईच्या गावातून कोळशाचे टिप्पर जात. रस्ता एकच, त्यावरच शाळा, त्यावरच हापशी, त्यावरच देऊळ. टिप्परसाठी गावाबाहेरून वळणरस्ता काढा, ही संस्थेची मागणी. यमुताईचा नवरा मनोहरराव सायकलवर होता तेव्हा टिप्परनं त्याला मागून धडक दिली. तेरवी आटोपल्यावर गोपिका त्या घरी गेली. यमुताई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हात चालत होते आणि तोंडही.

तिनं सांगितलं ते असं. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस होते. गावात दंडार बसली होती. दंडारीत रातभर नाचगाणं, नाटक चालतं आणि बायांची सोंगं गडीच घेतात. राणीचं काम करणारा गडी तापानं पडला, ते काम मनोहररावाच्या गळ्यात आलं, आणि सकाळी उठून त्यानं मिशा काढून टाकल्या. यमुताईनं ते तोंड पाहिलं आणि तिच्या अंगाची आग झाली. कारण मनोहररावाचा बाप तेव्हा ओसरीवर विडी ओढत होता. बाप जिता असताना पोरानं मिशा काढायच्या नसतात, त्या बापाच्या मयतीला निघतात, हे त्या गावात लहान लेकरालाही ठाऊक आहे. यमुताई म्हणाली, मामाजी जिते हायेत अन् तुमी मिशा काढून बसले, आज कोणाले मारून राहिले? त्यानं नाटकासाठी तिचं हिरवं लुगडं मागितलं होतं, तेही तिनं पेटीत घालून कुलूप लावलं. मग तो बहिणीच्या गावी लुगडं मागायला सायकलवर निघाला. निघताना...

इथं गोपिकानं हात वर केला. “यमुताई, हे नको.”

शेंगा सोलणारे हात थांबले. गोपिकानं तिला नीट समजावलं. साहेबासमोर नाटक म्हटलं की साहेब हसेल. मिशांचं ऐकलं तर टिप्परवाल्याचा वकील म्हणेल, रात्रभर तमाशात पिऊन पडला असेल. मनोहरराव शेतात जात होते, एवढंच सांगा. आणि यात खोटं तरी काय होतं? त्यांचं वावर त्याच रस्त्यावर. वावर म्हणू नका, शेत म्हणा, हेही तिनंच शिकवलं. साहेब पुण्याकडून आला तर त्याला वावर कळत नाही.

यमुताईनं मान डोलावली. शिकलेली बाई आपल्या भल्याचंच सांगत असेल, असं तिला वाटलं असणार. पुन्हा शेंगा सोलू लागली.

मग वर्षं गेली. या कामात सरकारपेक्षा सरकारची बदली जास्त छळते. एका साहेबाला यमुताईचं ऐकून वाईट वाटे, तो फाईल हलवू म्हणे, आणि फाईल हलायच्या आत साहेबच हले. नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. यमुताई कचेरीत बोलली, संविधान चौकात धरण्यावर बोलली, पत्रकारांपुढं बोलली, मिनलच्या मोबाईलपुढं बोलली. फलकावर मनोहररावाचा फोटो होता, मिशांवर ताव दिलेला. हळूहळू तिचं बोलणं पाटावरवंट्यासारखं गुळगुळीत झालं. कुठं थांबायचं, कुठं पदर डोळ्याला लावायचा, तिला सांगावं लागत नसे. यमुताई असल्या की काळजी नाही, असं सर म्हणत. गोपिकालाही तसंच वाटे.

यंदा पुन्हा नवा साहेब आला आणि त्यानं सुनावणी लावली. हा ऐकून घेतो, अशी त्याची ख्याती होती. सुनावणीला थोडे दिवस उरले असताना यमुताई न बोलावता गांधीबागेचा जिना चढून आली. खाली बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली की ती आता बोलणार नाही.

गोपिकाला वाटलं तब्येत असेल, किंवा टिप्परवाल्यांनी कोणी घरी पाठवला असेल. तसं काही नव्हतं. यमुताईची नात भैरवी चुलीपाशी बसून गप्पा करत होती. तिनं विचारलं, आजी, ॲक्सिडेंट झाला तवा आजोबा कुठं चालले होते?

“मी म्हटलं, शेतात जात होते,” यमुताई म्हणाली. “समोर साहेब नाई, मोबाईल नाई. घरची पोरगी. अन् मी शेत म्हटलं. वावर बी नाई म्हटलं वं.”

तिचे सासरे आता नव्हते. तो राणीचं काम सोडून तापानं पडलेला गडीही नव्हता. त्या सकाळचं जाणणारी घरात ती एकटीच उरली होती, आणि तिच्याही तोंडात दुसरंच बसलं होतं. डोळे मिटले तर मिशीवालं तोंड दिसते, फलकावरचं, ती म्हणाली. बिनमिशीचं तोंड तिनं जेमतेम तासभर पाहिलं होतं आणि त्यातला अर्धा वेळ रागानं पाठ फिरवली होती. मिशांवरून ती त्याला जे बोलली ते बोलली. पण त्या बोलण्याचं पाप वागवायलाही ती सकाळ तिच्यापाशी राहिली नव्हती.

शेवटी तिनं अट घातली. “या बारीले बोलतो. पन मिशा काढल्यापासून बोलतो.”

गोपिकानं हो म्हटलं. मग ते कृष्णकांत सरांना सांगायची पाळी आली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे अडचण दाखवली, आणि ती खरी होती. आजवरच्या प्रत्येक जबाबात शेतात जात होते असंच आहे. आज दुसरं सांगितलं तर तिकडचा वकील तेवढंच धरेल. बाई एकदा खोटं बोलली, म्हणजे सगळंच खोटं. एका यमुताईचा प्रश्न नाही, त्या रस्त्यावर आजही लेकरं शाळेत जातात.

“खोटं त्या नाई बोलल्या, सर,” गोपिका म्हणाली. “त्यायच्या तोंडातून मी बोलली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मिनल खाली मान घालून मोबाईल पाहत राहिली. खालच्या दुकानात कोणीतरी कापड टर्रकन फाडलं. मग सर म्हणाले, तू ठरव.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर गोपिकानं यमुताईचा हात धरून सांगितलं, पाहिजे तिथून सुरू करा, पाहिजे तेवढं सांगा, आज मी थांबवणार नाही. यमुताईनं चप्पल नीट केली आणि आत गेली.

साहेब तरुण होता. यमुताईचं नाव पुकारल्यावर त्यानं मोबाईल पालथा ठेवला, पेन बाजूला ठेवलं, आणि तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत असा पाहणारा पहिलाच. पलीकडं टिप्परवाल्यांचा वकील पाय हलवत बसला होता.

“साहेब,” यमुताई म्हणाली, “माझे मालक सकाळी शेतात जात होते.”

आणि मग ते सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. सायकल आली, टिप्पर आला, रस्त्यावर सांडलेला कोळसा आला. थांबायच्या ठिकाणी ती थांबली. पदर लावायच्या ठिकाणी पदर लावला. साहेबानं पाण्याचा गिलास पुढं सरकवला. तीन मिनिटंही लागली नाहीत.

काम मात्र झालं. वळणरस्त्याचा प्रस्ताव वर पाठवतो आणि तोवर दिवसाचे टिप्पर गावातून बंद, असा तोंडी हुकूम साहेबानं सगळ्यांसमक्ष दिला. बाहेर मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. सर जिलबी आणायला निघाले. यमुताई कचेरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. जिलबी आली तेव्हा तिनं एक हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली, पाक मनगटापर्यंत ओघळला.

संध्याकाळच्या एसटीनं गोपिका तिला पोचवायला निघाली. एसटी उमरेड रोडला लागली. मग गोपिकानं विचारलं, की केससाठी तसं बोलल्या का? लेकरांसाठी?

यमुताईनं मान हलवली. “नाई वं. मनात मिशा होत्या. तोंड आपल्या आपणच शेतात गेलं.”

पुढं बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तुले म्या पयल्यांदा सांगितलं होतं. तुले याद असंल तं तूच सांग मले.”

गोपिकानं सांगायला घेतलं. गोष्टी ध्यानात ठेवायची तिची सवय, त्यावर तर तिचं पोट चाले. अंगण सांगितलं, वालाच्या शेंगा सांगितल्या. राणीचं काम करणारा गडी तापानं पडला ते सांगितलं. सकाळी काढलेल्या मिशा सांगितल्या, ओसरीवरची विडी सांगितली. पेटीला लावलेलं कुलूप सांगितलं. यमुताई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच ती जराशी हसली, वरचा ओठ कसा सोललेल्या कोंबडीसारखा पांढरा दिसत होता म्हणे.

“तुम्ही म्हणाल्या, आज कोणाले मारून राहिले,” गोपिका म्हणाली. “अन् मंग त्यायनं सायकल काढली.”

“त्याच्या आंधी काही बोलले ते. काय बोलले?”

गोपिका थांबली. तिला अंगण दिसत होतं, शेंगांची टरफलं दिसत होती, आणि स्वतःचा वर गेलेला हात दिसत होता.

“ते मले ठाऊक नाई, यमुताई. तिथंच म्या तुम्हाले थांबवलं होतं.”

यमुताईनं डोळे उघडले. तिनं आठवून पाहिलं, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. ओठ हलले, पुन्हा हलले. काही आलं नाही.

गोपिकाला राहवलं नाही. ती म्हणाली, हसले असतील. हसऱ्या सोभावाचे होते, असं तुम्हीच सांगत होत्या. हसून, येतो सांजेलोक, असंच काही बोलले असतील.

“नको,” यमुताई म्हणाली. “आता तू आनखीन नको घालू त्यात.”

समोर कोळशाचा टिप्पर होता. दिवस मावळला होता, त्याच्यावर बंदी नव्हती. त्याच्या मागं एसटी बैलगाडीच्या चालीनं जात राहिली. खिडकीतून काळी धूळ आत येत होती. यमुताईनं पदर नाकाला लावला, आणि गोपिकानं उठून तिच्या बाजूची काच ओढली. ती अर्ध्यातच अडकली.