शुगर-फ्रीचा फुगा

राऊ या गावातल्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनासाठी वर्गातल्या एका मुलीने यीस्टचा प्रयोग निवडला. ती महूहून बसने यायची, आजोबा फौजेत होते. शाळेत सगळं हिंदी-इंग्रजी, पण माझ्याशी मात्र ती मराठीत बोलायची. मला ते आवडायचं.

तिने पाच बाटल्यांत कोमट पाणी आणि यीस्ट घातलं. मग एकीत साखर, एकीत गूळ, एकीत मध आणि एकीत शुगर-फ्री. तिच्या बाबांना डायबिटीज, म्हणून घरून पुड्या आणल्या होत्या. चमचाभर पावडरीसाठी बऱ्याच फोडाव्या लागल्या. पाचव्या बाटलीत गोड काहीच नाही, नुसतं पाणी आणि यीस्ट. प्रत्येकीच्या तोंडाला फुगा. यीस्ट साखर वापरून श्वसन करतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, फुगा फुगतो.

अर्ध्या-पाऊण तासाने मी लॅबमध्ये गेले. साखरेचा फुगा टरारला होता. पाण्याचा लोंबत होता. आणि शुगर-फ्रीचा साखरेच्या बरोबरीने उभा!

"यात साखर पडलीय," मी म्हटलं.

"नाही मॅडम, चमचा अलग होता. मी तीन बार केला, हर बार फुगतो."

"म्हणजे तीनदा तीच चूक केलीस. कृत्रिम गोडवा यीस्टला पचत नाही, एवढं तरी वाचायचं होतं."

बाकीची मुलं हसली. ती काहीतरी सांगायला गेली, हातात रिकामी पुडी होती. मी ऐकलं नाही. "चार्टवर शून्य लिही," असं सांगून निघून आले.

संध्याकाळी सुदामा नगरच्या घरी यजमानांसाठी चहा केला. तेही तशाच पुड्या घेतात. मागची बारीक अक्षरं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. गोड करणारं रसायन चिमूटभर, बाकी सगळं डेक्स्ट्रोज. म्हणजे ग्लुकोज. यीस्टला याहून सोपं खाणं नाही. इतकी वर्षं मी ग्लुकोजचं सूत्र फळ्यावर लिहीत आलेय.

तिला लगेच फोन करता आला असता. नंबर होता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन होतं, चार्ट तयार होता, आणि सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करायची माझी हिंमत झाली नाही.

परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "बेटा, ये ज़ीरो क्यों?"

"मॅम, आर्टिफ़िशियल स्वीटनर को यीस्ट यूज़ नहीं कर पाता," ती घडाघडा म्हणाली. बाईंनी तिची पाठ थोपटली. मी मागेच उभी होते. मीही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तिला लॅबमध्ये बोलावून म्हटलं, "तुझं बरोबर होतं. पुडीत ग्लुकोज असतं. मी चुकले."

तिला आश्चर्य वाटलं नाही. "मला मालूम होतं मॅडम. पुडीवर लिहिलंय ना. तेच दाखवत होते तुम्हाला."

"मग परीक्षकांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शून्य सांगितलं होतं." ती माझी समजूत काढल्यासारखी हसली. "जाऊ द्या मॅडम, सर्टिफिकेट तर मिळालं."

ती चिडली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्याच तासाला मी वर्गापुढे सगळं सांगितलं, पुडी मुलांच्या हातात दिली. मुलं एकमेकांकडे ती सरकवत वाचत होती. ती मान खाली घालून बसली होती. पुन्हा आपल्यावर सगळ्यांच्या नजरा आल्या, हेच तिला नकोसं झालं असावं.

दहावीनंतर तिने कॉमर्स घेतलं. कारण दुसरं काही असेल, घरचं असेल. दाखला न्यायला आली तेव्हा भेटून गेली, वाकून नमस्कार केला. विचारावं असं फार वाटत होतं. पण मी फक्त बसची वेळ विचारली.