आतोबा आणि सफरचंदावरचं मेण

आमच्या आतोबांच्या हाती सफरचंद द्यावं आणि त्यांनी ते मुकाट्याने खावं, असं रायपुरात आजवर घडलेलं नाही. सरकारी अन्न-प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या अंगठ्याचं नख अजून नोकरीत आहे. आजाऱ्याला भेटायला गेले तरी उशाजवळच्या फळावर आधी ते नख फिरतं, पांढरा भुगा निघतो आणि आजारी माणूस दचकून उठून बसतो. "घाबरू नका," आतोबा सांगतात, "मेण लावणं गुन्हा नाही. मधमाशीचं चालते, फक्त सांगून लावा लागते. पेट्रोलियमचं मात्र फळावर नाही चालत. चिंगममध्ये चालते, ते वेगळं." तोवर चहा गार झालेला असतो. आत्या होती तेव्हा मध्येच म्हणायची, "ऐकलं मी, पुरे आता." ती गेली आणि घरात ऐकणारंही कोणी उरलं नाही, थांबवणारंही.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या बूढापारा भागात, तळ्याजवळ फळांची गाडी लावणाऱ्या एका बाईचं सफरचंद त्यांनी भर गर्दीत खरवडलं. "हे पेट्रोलियमचं असू शकते," एवढंच म्हणाले. गिऱ्हाइकं पांगली, ती दुसऱ्या दिवशीही फिरकली नाहीत. बाई नुसती पेट्या झाकत राहिली. आतोबांना जेवण जाईना. "नखानं मेण आहे एवढंच कळते, कोणतं ते नाही कळत," ते मला म्हणाले. "मले माहीत होतं, तरी मी काहून बोललो?" त्यांनी स्वतःच तिची सफरचंदं तपासायला पाठवली. मेण मधमाशीचं निघालं, नियमात बसणारं.

मग भरपाई म्हणून आतोबा रोज संध्याकाळी गाडीशेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "बिनधास्त घ्या, यात पेट्रोलियम नाही." ज्यांच्या मनात पेट्रोलियम कधी आलंच नव्हतं, तेसुद्धा केळी घेऊन सटकू लागले. शेवटी बाईने प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं. "कका, आपने गलती मान ली, बहुत है. अब बस चुप बैठो."

आतोबा बसले. गिऱ्हाईक हळूहळू परतलं, तरी त्यांचं जाणं काही सुटलं नाही.

परवा मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा दिवस कलला होता आणि गाडीवर कोणी नव्हतं. बाई फडक्याने फळं पुसत म्हणाली, "कका, अभी कोई नहीं है. वो मोम वाली बात बताओ." आतोबांनी घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. ती मान डोलावत ऐकत होती. मी हाक मारली नाही. स्कूटर बंद केली आणि थोडी लांबच उभी केली.