बुवांच्या धाकट्याची बारी

गिरणगावाने आजवर पुढारी दिले, पैलवान दिले, नट दिले आणि नाक्यावर बसून या तिघांनाही अक्कल शिकवणारे तर घाऊक भावात दिले. पण इतक्या वेगात बोलून एकही शब्द वाया न घालवणारा माणूस एकच दिला, आणि तो लालबागला आमच्या चाळीत, माझ्या समोरच्या खोलीत राहत होता. आम्ही त्याला बुवांचा धाकटा म्हणायचो. बाहेर तो रॅपर होता, आणि तोही अंडरग्राउंड. हे कळल्यावर त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "पोलीस मागे लागले हत काय रे तेच्या?" मी तरी काय सांगणार? भजनात पखवाज वाजवण्यात माझा जन्म गेला. गाणं म्हटलं की सूर हवा, एवढंच मला ठाऊक. आणि हा पठ्ठ्या ठेक्यावर नुसता बोलत सुटायचा. पण समेवर असा चोख यायचा की माझी मान मला न विचारता डोलायची.

त्याचे वडील आमच्या भजनी मंडळाचे बुवा. मूळचे मालवणकडचे, गिरणी होती तोवर गिरणीत, आणि गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिल्यावर त्याच टॉवरच्या गेटावर वॉचमन. मंडळात मात्र त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. कुठलेही शब्द द्या, बुवा चाल लावणार. दोन दिवस पाणी येणार नाही अशी फळ्यावरची सूचना त्यांनी एकदा भैरवीत म्हणून दाखवली, तर बायका हंडे भरायचं सोडून ऐकत उभ्या राहिल्या. अशा माणसाच्या पोटी हे बिनचालीचं पोर! त्याने घरात काहीही म्हटलं की बुवा डोळे मिटून शांतपणे ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "चाल खंय हा?" पोराला जगाकडून टाळ्या मिळत होत्या, पण त्याचा जीव अडकला होता तो बापाच्या एका शब्दात. "काका, त्यांनी फक्त एकदा म्हणू दे, हे पण गाणंच आहे," असं तो मला म्हणायचा आणि लगेच हसून विषय बदलायचा.

त्याच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. भर मे महिन्यात तो टोपीचा जाडजूड स्वेटशर्ट घालून फिरायचा, आणि आई रोज न चुकता विचारायची, "तुका थंडी वाजता काय रे?" त्याला दळण आणायला पाठवलं तर पीठ दुपारपर्यंत घरी येत नसे, कारण चक्कीचा पट्टा फट्‌फट् वाजायला लागला की याला ओळी सुचायच्या आणि हा मागच्या गिऱ्हाइकांना "तुम्ही घ्या आधी" म्हणत नंबर सोडत बसायचा. चक्कीवाल्याला तो लालबागमधला सर्वांत सभ्य मुलगा वाटे. घरी पोळ्यांचा पत्ता नसे. रेकॉर्डिंग तो आईच्या लोखंडी कपाटात करायचा. आत शिरून दार ओढून घ्यायचा, कारण साड्यांमुळे म्हणे आवाज घुमत नाही. एकदा त्याच्या मावशी आल्या आणि पैठणी दाखव म्हणाल्या म्हणून आईने कपाट उघडलं, तर आत घामाने निथळणारा मुलगा फोनवर तावातावाने सरकारला जाब विचारत होता. मावशींनी पैठणी न बघताच चहा मागितला. त्याला मात्र आपलं काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही, आणि मला विचाराल तर चुकतही नव्हतं.

मग त्याचं ते टॉवरचं गाणं आलं. पोरांच्या फोनवरून ते भायखळ्यापासून दादरपर्यंत पोचलं.

"त्यांच्या टॉवरची सावली पडली, आमच्या दोरीवर चड्डी नाय सुकली
गेटवर सलाम माझ्या बापाचा, वर जायला मात्र लिफ्ट चुकली"

सगळी चाळ खूश झाली, एक बुवा सोडून. मंडळात गळ्यात हार घालून घेणारा हा माणूस गेटवर कुणाकुणाला सलाम ठोकतो, हे लालबागमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. "बापाची नोकरी सगळ्या मुंबयक सांगून इलंस?" एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. पुढे कित्येक दिवस "जेवायला चल" हा निरोपसुद्धा आईमार्फत जाई.

त्यात चाळीच्या सत्यनारायणाला डबलबारी ठरली. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एका बुवाने गाण्यातून टोला हाणायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच परतवायचा. समोर कॉटन ग्रीनचे बुवा, जिभेला धार असलेले. झांजा वाजवायला माणूस कमी होता म्हणून धाकटा आमच्यात बसला होता. कॉटन ग्रीनच्या बुवांनी गजर चढवत नेला आणि शेवटी सुरात टाकलं, की दिवसा जो गेटवर सलाम ठोकतो, त्याला संध्याकाळी बुवा कसं म्हणायचं? मांडव हसला. आमच्या बुवांची बोटं पेटीवर तशीच राहिली. तेवढ्यात बाजूने आवाज आला, "काका, ठेका सोडू नका," आणि धाकटा झांजा खाली ठेवून उभा राहिला.

"पुंडलिकाच्या दारात उभं कोण? सांग बुवा, नाईट कुणी मारली?
अठ्ठावीस युगं विटेवर पाय, बसायला खुर्ची कुणी दिली?
रिलीव्हर नाय आला, रजा नाय झाली, उभ्या उभ्या डुलकी नाय घेतली
अरे, वॉचमन म्हणून हसतोस ज्याला, ती नोकरी देवानं आधी केली!"

मांडवात जो गलका उठला तो विचारू नका. कॉटन ग्रीनचे बुवा दिलदार माणूस. स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी पोराच्या गळ्यात घातला आणि आमच्या बुवांना म्हणाले, "बुवानू, हेच्यार माझ्याकडे जबाब नाय." जिना चढताना आमचे बुवा मुलाला म्हणाले, "शब्द बरे होते. पण चाल खंय होती?" धाकटा तसाच माझ्या खोलीत आला. "काका, शब्द बरे होते म्हणाले!" आणि हीच बातमी त्याने चारी माळ्यांवर घरोघरी जाऊन सांगितली.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर त्याला ताप आला. डोळे पिवळे झाले, परळच्या इस्पितळात नेला, तिथेही तो सलाइनच्या थेंबांवर बोटाने ठेका धरायचा. वाचला नाही. तेवीस हे काय जायचं वय आहे? मला देवाचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण त्याचे शब्द काही गेले नाहीत. आज आमच्या भागात कुठल्याही गल्लीत जा, एखादा पोरगा बाकड्यावर थाप मारत 'नाईट कुणी मारली' म्हणत असतो. टॉवरचे वॉचमन ड्युटी बदलताना एकमेकांना त्या ओळी ऐकवतात. दुसऱ्या माळ्यावरची एक मुलगी आता त्याच्यासारखीच ओळी जुळवते आणि माझ्याकडे ठेका मागायला येते. वर्ष उलटल्यावर मंडळाने ठरवलं की धाकट्याचं ते कवन आता आपल्या प्रत्येक बारीत म्हणायचं. चाल अर्थात बुवा लावणार. एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या खोलीत जमलो. बुवांनी पेटी पुढ्यात ओढली, भाता उघडला, एक सूर धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग भाता मिटला.

"नाय," ते म्हणाले. "हेका चाल लावूची नाय."

मी विचारलं, "का हो बुवा? जमत नाही?"

"जमता. पण मी चाल लावलंय तर तां माझां होतलां. तां तेचांच रवांदे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू ठेको धर."

मी ठेका धरला. बुवा चालीशिवाय म्हणू लागले, त्याच्याच वेगात. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिसऱ्या ओळीला त्यांचा दम संपला आणि ते थांबले. कुणी ओळ पुढे नेली नाही. मी वाजवत राहिलो. मग त्यांनी श्वास घेतला आणि चौथी ओळ म्हटली.