साडूंची पारध

हत्यारं निवडण्यात उभी हयात घालवून साधा उंदीरही न मारलेला माणूस अख्ख्या आखातात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. ओमानमधल्या अल् घुब्राच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चपला ठेवायला जागा नाही, पण जुन्या पद्धतीच्या सुऱ्या-कुऱ्हाडींना स्वतंत्र कपाट आहे. नवी कुऱ्हाड आली की ती तळहातावर तोलत साडू हॉलभर फिरतात. दांडा बाभळीचाच हवा, पातं लोहाराच्याच हातचं हवं; सुरा डाव्या कमरेला, कुऱ्हाड पाठीमागे. असं सगळं लटकवून ते एकदा टीव्हीसमोर टेकले आणि माझ्या मेहुणीचा नवा सोफा टर्रकन फाटला. पूर्वी सोफे नव्हते, एवढंच त्यांचं म्हणणं.

एका शुक्रवारी आम्ही डोंगरातल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, सहलीला गेलो. सरपण फोडायला कुऱ्हाड मागितली तर त्यांनी ती अंगाशी धरली. शिकारीचं हत्यार सरपणाला लावत नाहीत म्हणे. मी लाकडं पायाखाली मोडली, आणि हे महाशय कमरेला दोन सुरे असताना माझ्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या चाकूने कांदा चिरत बसले. तिथल्या एका ओमानी म्हाताऱ्याने विचारलं, इथे शिकारीला बंदी आहे, मग हे कशाला?

"हंटिंग माफी, बाबा," साडू गंभीरपणे म्हणाले; माफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'. "ओन्ली पंपकिन."

म्हातारा बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला.

पण खरं तेच होतं. त्यांच्या कोकणातल्या गावात शिमग्याला पारध निघते. पूर्वी डुक्कर मारत. बंदी आल्यापासून रानाच्या कडेला कोहळा ठेवतात, आणि त्यावर पहिला घाव घालायचा मान साडूंच्या घराचा. एका कोहळ्यासाठी एवढं शस्त्रागार बाळगणाऱ्याला काय म्हणावं? मात्र सलग तीन शिमगे मानकरी आला नाही, तर मान चुलत घराकडे जातो. साडू अल् खुवैरच्या ऑफिसात बसून दुक्मच्या रिफायनरीतल्या शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या बंदचं, वेळापत्रक आखतात, आणि गेली दोन वर्षं ते शटडाऊन नेमकं शिमग्यातच आलं होतं. यंदा त्यांनी बॅग भरली, कुऱ्हाड धोतरात गुंडाळली. रजेचं विचारलं की साहेब इन्शाल्ला म्हणायचा. निघायच्या आदल्या दिवशी शटडाऊन लांबलं आणि रजा खलास झाली.

पारधीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर साडू कमरेला सगळं बांधून, छोट्या मुलीला शेजारी घेऊन फोनसमोर उभे होते. फोनवर ढोल वाजत होते. चुलतभावाने साध्या कोयत्याने घाव घातला आणि कोहळा फुटला. साडूंनी इथून हात जोडले. मला फार वाईट वाटलं. मी खाली जाऊन दुकानातला सगळ्यात मोठा कोहळा उचलून आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, घाला घाव, पोरीला तरी दाखवा.

त्यांनी कोहळ्यावरून हात फिरवला.

"नको. तिकडे तो मान होता. इथे नुसती भाजी आहे."

मग त्यांनी पट्टा सोडून कपाटात ठेवला आणि कोहळा मेहुणीच्या हातात दिला. तिने तो विळीवर चिरला. भाजी चांगली झाली होती. साडूंनी मला आग्रहाने दोनदा वाढली. स्वतः मात्र घेतली नाही.