भावानं न धुतलेला ट्रक

आम्ही नवरा-बायको आठवडी बाजारात चादरी आणि सतरंज्या विकतो. ट्रक जुना आहे, पण माझा आहे. दुसऱ्यांच्या दुकानांत गठ्ठे उचलून पैसे जमवले आणि मी तो घेतला. हौद्यात पुढच्या बाजूला प्लायवूडची लहान खोली ठोकून घेतली आहे. फळ्यांचा पलंग, शेगडी, पाण्याचा ड्रम. मागे माल. या बाजारातून त्या बाजारात जाताना तेच आमचं घर.

ते स्वच्छ ठेवणं म्हणजे निम्मा धंदा. चपला बाहेर टांगलेल्या पोत्यात. खोलीचा झाडू वेगळा, हौद्याचा वेगळा. फोडणी खाली उतरून द्यायची, कारण चादरीला तेलाचा वास लागला की गिऱ्हाईक गेलं. धुण्याच्या पाण्यासाठी मी वाटेतल्या शेतकऱ्याशी बोलणी करतो. त्याला एक टॉवेल, मला मोटर बंद होईपर्यंत पाइप. दुसरा टॉवेल मी आजवर कुणाला दिलेला नाही.

बकरी ईदच्या आधी धाकट्या भावाने बकरे न्यायला ट्रक मागितला. माल उतरवून दिला आणि एकच अट घातली, धुऊन आण. त्याने हौद्यावर वरवर पाणी मारून आणला. बकरे त्याने खोलीतही कोंबले होते. आत बघतो तर पलंगाखाली लेंड्या आणि मुताने भिजलेल्या फळ्या. मी लगेच फोन लावला.

"दादा, बकऱ्यायचाच वास हाय. त्यानं काय माणूस मरतो?"

"तू येऊन धू."

"पेरणी चालू हाय. येतो सवडीनं."

मी हौदा धुतला, माल भरला, पण पलंगाखाली हात लावला नाही. त्याने यावं, बघावं आणि स्वतःच्या हाताने खरवडावं. बायकोने काही दिवस पलंगावर जास्तीची सतरंजी टाकून काढले. मग जवळा बाजार या गावी एका बाईने चादर उलगडली आणि नाकाला लावली.

"बकऱ्या झोपवता काय हिच्यावर?" म्हणाली आणि चालू लागली.

मी भाव पाडून हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी बायको पलंगावर पाय वर घेऊन बसली होती.

"काहून धुत न्हाई तुमी?"

"ज्यानं घाण केली तो धुईल."

"तो त्याच्या घरी झोपतो. ह्या वासात मी झोपून राहिले."

"त्याला दाखवायचं हाय मला."

"मग त्यालाच आणून झोपवा. मी हिंगोलीत उतरते, बहिणीकडं. पुन्हा येईन का न्हाई, ते तवा बघू."

रागात बोलली असेल असं वाटलं. हिंगोलीत तिने पिशवी काढली आणि खरंच उतरली.

पुसेगावचा बाजार एकट्याने केला. बायांना माल उलगडून दाखवायचं काम तिचं, किमतीचं बोलणं माझं. एकट्याला दोन्ही जमेना. घासाघीस करणाऱ्या एका म्हातारीवर मी इतका ओरडलो की शेजारचा भांडीवाला मध्ये पडला.

परतताना नरसीजवळ एका विहिरीपाशी ट्रक लावला. पलंग उचकटला. फळ्या खुरप्याने खरवडल्या, सोड्याच्या पाण्याने घासल्या, उन्हात उभ्या केल्या. घासताना भावाला तोंडाला येईल ते बोललो. शेतमालक बांधावर बसून ऐकत होता. "भाऊ सख्खा हाय का?" त्याने विचारलं. मी पुढची फळी ओढली.

मेव्हणीच्या दारात ट्रक उभा केला. बायको आत चढली, वाकून पलंगाखाली पाहिलं, फळीवर हात फिरवून नाकाशी नेला.

"निघाला वास," ती म्हणाली. "पण पुढच्या खेपेला कुणावर राग धरला, तर मी कुठं झोपू?"

गिऱ्हाइकाने कोणताही भाव मागितला तरी माझ्याकडे उलटा भाव तयार असतो. तेव्हा मी फक्त तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"ह्या बाजारापुरती येते," ती म्हणाली.

तेव्हापासून ती एकेका बाजारापुरतीच येते. निघायच्या आदल्या दिवशी मी सगळं घासून ठेवतो आणि मग विचारतो. ती पलंगाखाली बघते, मगच होय-नाही सांगते. भावाशी मी अजून बोललेलो नाही. ट्रक त्यानंच धुवायला पाहिजे होता.